चांदणीची पाठ : परण्याच्या एका घोडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

परभणीपासून दीड-दोन तासांवरचं तालुक्याचं गाव. गावाचं नाव नको, माणसांचीही नकोत. घोडीच्या मालकाला इथे चाचा म्हणते. अख्खं गाव त्यांना चाचाच म्हणतं आणि असे चाचा मराठवाड्यात तालुक्यागणिक दहा सापडतील, त्यामुळे ओळख पटायची धास्ती नाही. त्यांच्या बहिणीचा एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणजे भाचा. घोडी चांदणी, हेही बदललेलं नाव.

चाचांचा धंदा परण्याचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: लग्न लागण्याआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या. तुळशीचं लग्न झालं की सुपाऱ्या सुरू होतात (सुपारी म्हणजे इथे बुकिंग, घाबरू नका) आणि आषाढाच्या तोंडाशी थांबतात. तेवढ्या महिन्यांत घोडी जे कमावते, त्यातून तिची वर्षाची चंदी, कडबा आणि घरातल्या सहा माणसांचं भागतं. चाचांचा दर परण्याला चार ते पाच हजार. घोडी हलगीवर नाचणारी असेल तर वर हजार. चांदणी नाचणारी होती.

वय अकरा, रक्त मारवाडी, कानांची टोकं एकमेकांकडे वळलेली. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडी घ्यायची तर तिथूनच, असं इकडं मानतात, आणि चाचांनीही ती तिथूनच आणली होती. रंग पांढरा, पण नुकरा नव्हे. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते. चांदणीची कातडी काळी आणि वर केस पांढरे, म्हणजे जन्मली तेव्हा ती गडद असणार आणि वयाबरोबर पांढरी होत गेली. बाजारात हा फरक किमतीपुरता बघतात. इथे तो पुढे वेगळ्याच कामाला आला.

मी पशुवैद्य, शिक्षण परभणीच्या महाविद्यालयात. रोजचं काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं, घोडा महिन्यातून एखादा. मात्र पदवीनंतर आठ महिने पुण्यात रेसच्या घोड्यांच्या एका तबेल्यात होते. तिथल्या एका म्हाताऱ्या मोतद्दारानं (घोडे सांभाळणाऱ्यानं) खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं, झाल्यावर घोड्याच्या अंगावरून हात कसा फिरवायचा ते मला शिकवलं. त्यानं एकदाही स्नायूचं नाव घेतलं नाही, पण कुठला घोडा उद्या लंगडणार ते तो आदल्या संध्याकाळी सांगायचा.

अडचण

मार्चच्या शेवटी भाचा दवाखान्यात आला.

"मॅडम, चांदणी तंग कसताना चावाया धावते. पयलं असं नव्हतं." तंग म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा.

त्याच्या फोनवर तीन परण्यांचे व्हिडिओ होते. नवरदेव बसला की घोडी पाठ खाली टाकत होती, झोळीसारखी. कान मागे चिकटलेले, शेपटी सारखी झटकलेली. उजवा मागचा पाय डाव्यापेक्षा आखूड पडत होता. नाचताना ती डावीकडे वळायची, उजवीकडे मात्र वळायला तयार नव्हती. चाचांच्या मते तिच्या डोक्यात गेलं होतं. चाचीच्या मते नजर लागली होती.

दोन महिन्यांपासून प्रत्येक परण्याआधी गावातला एक सुया टोचत फिरणारा गडी तिला दुखणं मारायचं इंजेक्शन देत होता. कसलं, ते त्यालाही धड सांगता आलं नाही. ही औषधं वाईट नाहीत, मीही देते. पण पुन्हा पुन्हा दिली तर घोड्याच्या पोटात व्रण होतात. त्यात जनावराच्या पोटात पाणी कमी असेल, आणि इकडं एप्रिलात पारा 40 च्या पुढे असतो, तर मूत्रपिंडावर येतं. शिवाय दुखणं झाकलेल्या घोडीवर तासन् तास माणूस बसतो, म्हणजे दुखऱ्या जागेवर आणखी भर.

भाच्याला मात्र इंजेक्शनाबद्दल काही विचारायचं नव्हतं. त्यानं फोनवर दुसरा व्हिडिओ लावला. कुणीतरी परदेशी माणूस घोड्याच्या मानेवर नुसती बोटं टेकवतो, थांबतो, आणि घोडा जांभई देतो. "हे शिकवा मला." त्यानं स्वतः एकदा करूनही पाहिलं होतं. चांदणीच्या कमरेवर कोपर रोवलं आणि तिनं लाथ मारून पाण्याची सिमेंटची टाकी फोडली.

पहिली तपासणी

ताप 38.1, नाडी मिनिटाला 40, दोन्ही ठीक. पायांत कुठे ऊब नाही, सूज नाही. दात बरे होते. लगाम काटेरी होता, तो मी पहिल्याच दिवशी काढायला लावला. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे केंद्राचे नियम आहेत आणि त्यात काटेरी लगामाला साफ बंदी आहे. नाचणाऱ्या घोड्यांच्या धंद्यात हे कुणाच्या गावीही नसतं.

मग पाठ. बोटांची टोकं कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून शेपटीकडे हलकी ओढत नेली. खांद्याच्या मागे चार बोटांवर घोडीनं अंग चोरलं. बोटांखाली स्नायू एखाद्या दोरासारखा ताठ झाला आणि तसाच राहिला. कमरेपाशी उजवीकडे पुन्हा तेच.

2014 साली इटलीतल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची एक मोजपट्टी मांडली. सहा खुणा: मागे ताठरलेले कान, आकसलेले डोळे, डोळ्यांवरचा ताण, फुगलेले जबड्याचे स्नायू, आवळलेलं तोंड, ताणलेल्या नाकपुड्या. प्रत्येकीला 0 ते 2, एकूण 12. मोजपट्टी खच्चीकरणानंतरच्या ताज्या वेदनेवर बेतलेली आहे, जुनाट पाठदुखीवर नव्हे, म्हणून तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पण भाच्याला डोळे द्यायला ती चांगली होती. उभ्या घोडीला आम्ही दोघांनी वेगवेगळे गुण दिले. माझे 5, त्याचे 2. त्याला आवळलेलं तोंड दिसलंच नव्हतं.

खोगीर भिंतीला टेकवून ठेवलं होतं, जरीची झूल पांघरून. मी झूल उचलून वरून बघितलं आणि पुन्हा टाकली. हे वाक्य लक्षात ठेवा.

समोरचे पर्याय

पूर्ण विश्रांती हा पहिला पर्याय. कागदावर हाच बरोबर. पण एप्रिल-मे मध्ये चाचांच्या हातात 14 सुपाऱ्या होत्या आणि त्यांतल्या नऊंचा इसार घेऊन खर्चही झाला होता.

दुसरा, इंजेक्शन चालू ठेवणं, फक्त नीट मात्रेत आणि माझ्या हातून. चाचांना हाच हवा होता. मी नाही म्हटलं.

तिसरा पर्याय गावातल्या वडीलधाऱ्यांचा: डाग देणं. तापल्या लोखंडानं कमरेवर चटके. त्यानं वेदना जात नाही, तिच्या जोडीला दुसरी येते. चौथा, माळेगावला नेऊन विकणं. पण यात्रा डिसेंबर-जानेवारीतली, अजून नऊ महिने होते. आणि चाची म्हणाली, "दुखतं म्हून इकायचं आसंल तर आदी मला इका."

पाचवा होता हातानं काम करणं. मसाज, हलके दाब, ताण. याबद्दल माझं मत तेव्हा अर्धं होतं, आजही पाऊणच आहे. स्नायूची आखडण हातानं सैल होते, घोडा शांत होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण भाच्याच्या व्हिडिओंत जे दावे होते ते अंगापेक्षा बोंगा मोठा अशातले.

आम्ही ठरवलं ते असं: दोन आठवडे सगळं बंद, इंजेक्शन बंद, रोज हातानं काम, मग सुपाऱ्या अर्ध्या करून सुरू. पाच सुपाऱ्या चाचांनी दुसऱ्या गावच्या घोडेवाल्याकडे वळवल्या. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं भाचा म्हणाला.

हात शिकणं

पहिले तीन दिवस मी भाच्याला घोडीला हात लावू दिला नाही. फक्त बघायचं. कुठल्या पायावर जास्त वेळ उभी राहते, चंदी खाताना मान कुठे वळवते, बसते का, उठताना कुठला पाय आधी रोवते. तो कंटाळला. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून म्हणाला की ती उजवा मागचा पाय टेकवून विसावा घेतच नाही, डावाच घेते. दोन महिन्यांत हे कुणाला दिसलं नव्हतं.

मग न करायच्या गोष्टी. ताप असेल तर हात नाही. नाकातून घट्ट स्राव येत असेल तर जवळही जायचं नाही, थेट मला फोन. घोड्याचा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो आणि तो जीवघेणा आहे. गरम सूज, उघडी जखम, नायटा, अचानक आलेलं लंगडेपण, पोटदुखी, यांत मसाज नाही. कामानंतर पुठ्ठे (मागचा मांसल भाग) दगडासारखे झाले आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची आली तर घोडी जागची हलवायचीही नाही. आणि एक नियम माझा: रोग काय हे तू सांगायचं नाहीस. निदान हे नोंदणी असलेल्या पशुवैद्याचं काम आहे. तुझ्या हाताला काय लागलं तेवढंच तू सांगायचंस.

हाताचा दाब शिकवायला मला शब्द सापडत नव्हते. ग्रॅममध्ये सांगून काय कळणार? चाची चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "आरं, भाकर थापतो तसा हात ठिव. लई दाबली तर मोडती, हलका ठिवला तर पसरत न्हाई." त्या संध्याकाळी भाच्यानं चार भाकरी थापल्या. तीन मोडल्या. चौथी कशी लागली माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याचा हात बदललेला होता.

क्रम असा बसवला. खरारा करून अंग गरम. मग अख्खा तळहात केसांच्या दिशेनं लांब फिरवायचा, मानेपासून पुठ्ठ्यांपर्यंत, सावकाश, तीन-चार वेळा. यात उपचारापेक्षा चौकशी जास्त: कुठे गरम आहे, कुठे कडक, कुठे कातडी सरकत नाही. त्यानंतर मान आणि खांद्याचे जाड स्नायू कणकेसारखे मळायचे. खांद्याला वेळ द्यायचा, कारण घोड्याला आपल्यासारखं हासळीचं हाड (गळ्याखालचं आडवं हाड) नसतं. पुढचे दोन्ही पाय धडाला नुसत्या स्नायूंनी आणि पट्ट्यांनी अडकवलेले असतात आणि उभ्या घोड्याचं साधारण 60 टक्के वजन त्यांच्यावर येतं. पाठ दुखणारा घोडा तिथे आणखी आखडतो. पुठ्ठ्यांवर तळहातानं दाबून दोन-तीन श्वास थांबायचं, मग सोडायचं. सोडणं दाबण्याइतकंच सावकाश. कण्यावर दाब कधीच नाही.

व्हिडिओतल्या दोन पद्धतीही आम्ही घेतल्या. जिम मास्टरसन या अमेरिकी गृहस्थांची एक: बोटं जवळजवळ न टेकवल्यासारखी ठेवून घोड्याची पापणी लवते तिथे थांबायचं. दुसरी लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांची ‘टी-टच’: बोटांनी कातडी एक पूर्ण गोल आणि वर पाव गोल फिरवायची. त्यांमागच्या स्पष्टीकरणांशी मी सहमत नाही. पण दोन्हींत शिकणाऱ्याला घाई करता येत नाही, आणि भाच्याला नेमकं तेच औषध हवं होतं.

शेवटी ताण. खाऊ दाखवून घोड्याला स्वतः मान वळवायला लावायची: हनुवटी छातीकडे, मग बरगडीकडे, मग मागच्या पायाकडे, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. जगभर यासाठी गाजर वापरतात. एप्रिलात आमच्या बाजारात गाजर कुठलं? आम्ही काकडी वापरली. याला बऱ्यापैकी आधार आहे. 2011 साली छापून आलेल्या एका प्रयोगात 8 घोड्यांना तीन महिने हे ताण दिले आणि सोनोग्राफीत कण्यालगतचा खोल स्नायू जाड झालेला दिसला. शिवाय छातीच्या हाडाखाली बोटांनी खाजवलं की घोडा पाठ आपोआप वर उचलतो, तेही रोज. चांदणीनं पहिल्यांदा पाठ उचलली तेव्हा भाचा माझ्याकडे असा बघत होता जणू त्यानंच ती उचलली.

चूक एक : जांभईचा अर्थ

चौथ्या दिवशी मी गावाला गेले होते. भाच्यानं फोन केला, एकदम खूश. घोडीनं ओठ चाटले, रिकामं चघळलं, दोन जांभया दिल्या. व्हिडिओत सांगितलेली ‘सुटका’ ती हीच. म्हणून त्यानं त्याच जागी, कमरेच्या उजव्या बाजूला, आणखी जोर लावला. पंधरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तिथे हात नेला तरी घोडी फिरून दात दाखवत होती. ओठ चाटणं, चघळणं, जांभई हे घोडा सैल होतानाही करतो आणि ताण येऊन गेल्यावरही करतो. नुसतं तोंड बघून चालत नाही. मान खाली आली का, श्वास लांबला का, मागचा पाय विसाव्याला टेकला का, कान कुठे आहेत, हे सगळं एकत्र वाचावं लागतं. त्या दिवशी कान मागेच होते. भाच्यानं काढलेल्या व्हिडिओत ते स्वच्छ दिसत होतं.

आम्ही दोन दिवस हात थांबवला आणि ओल्या गोणपाटाचा गरम शेक दिला. यानंतर नियम झाला: एका जागी दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि घोडी सरकून गेली तर तिच्या मागे जायचं नाही. चाचा एवढंच बोलले, "टाकीचं आधीच झालंय, आता घोडीचं नको." टाकी पाचशे लिटरची होती, विषय अजून जिवंत होता.

चूक दोन : बरं वाटतंय, म्हणजे बरं झालं

दोन आठवडे संपले तेव्हा पाठीचा दोर सैल झाला होता. चेहऱ्याचे गुण माझ्या हिशेबानं 2. तंग कसताना ती मान वळवायची, पण चावत नव्हती. पहिला परण्या ठीक गेला. दुसऱ्या दिवशी पाठ पुन्हा ताठ, भाच्यानं दोन दिवस हात फिरवला, पुन्हा सैल. दुसरा परण्या, पुन्हा ताठ. पुन्हा हात.

असे तीन आठवडे गेले, आणि आम्ही सगळे समाधानी होतो. मीसुद्धा. मसाज चालतोय, दर वेळी फरक पडतोय. दर वेळी परत का येतंय, हे विचारायला मला चौथा परण्या लागला. त्या दिवशी नवरदेव 90 किलोच्या आसपासचा, पुढ्यात सात-आठ वर्षांचा पुतण्या, मंडपापासून मारुतीपर्यंत अर्धा किलोमीटर आणि त्याला लागले पावणेदोन तास. चौकात डीजेच्या भिंतीसमोर चांदणी मागच्या पायांवर बसली. सरळ बसली, कुत्र्यासारखी. पोराला भाच्यानं झेललं. नवरदेवाचा फेटा गेला, बाकी काही नाही.

चाचांचा राग माझ्यावर निघाला, आणि तो बरोबर होता. "सुई व्हती तवा घोडी उभी तरी ऱ्हात व्हती, मॅडम."

खोगीर

ओरडा खाऊन झाल्यावर भाच्यानं घोडीला आंघोळ घातली. पाणी टाकलं की पांढऱ्या घोडीचे केस अंगाला चिकटतात आणि खालची काळी कातडी दिसू लागते. त्या काळ्या कातडीत, खांद्याच्या मागे दोन्ही बाजूंना, त्याला दोन गुलाबी डाग दिसले, तळहातापेक्षा थोडे लहान. त्यानं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: "हिथंच हाताला कडक लागत व्हतं."

खोगिराच्या दाबानं कातडीतला रंग मरतो. काळ्या किंवा लाल घोड्यावर तिथे पांढरे केस उगवतात आणि कुणालाही दिसतात. पांढऱ्या घोडीवर पांढरे केस कोण बघणार? डाग जुने होते, म्हणजे हे दुखणं यंदाचं नव्हतं.

त्या रात्री खोगीर उलटं केलं. नवरदेव दिमाखात बसावा म्हणून केलेला लाकडी सांगाडा, समोरून अरुंद. आतली भर जुन्या कापसाची, तिच्या गाठी झालेल्या. मधली खाच इतकी बुजलेली की तिथे दोन बोटंही जात नव्हती. सकाळी खोगिराच्या बुडाला गेरू चोळला, घोडीच्या पाठीवर पांढरं धोतर अंथरलं, वर खोगीर ठेवून भाच्याला दहा मिनिटं बसवलं. धोतरावर पुढे दोन गडद लाल ठसे, मागे उजवीकडे एक, आणि मधला सगळा भाग कोरा. पूल दोन टोकांवर टेकतो तसं. पुढचे ठसे गुलाबी डागांवर बरोबर बसले, मागचा कमरेतल्या त्या दुखऱ्या जागेवर. नीट बसणाऱ्या खोगिराचा भार खांद्याच्या पात्याच्या मागून शेवटच्या बरगडीपर्यंत सारखा पसरतो. हे शेवटच्या बरगडीच्या चार बोटं मागे जात होतं.

मग वजनाचा हिशेब, जो पहिल्या दिवशी करायला हवा होता. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीनं गुणायचं आणि 11,880 नं भागायचं. चांदणीचा घेर 158, लांबी 145. उत्तर सुमारे 305 किलो. घोड्यानं पाठीवर आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंतच घ्यावं असा ढोबळ नियम आहे, म्हणजे 61 किलो. खोगीर, झूल आणि घुंगरांसकट 14 किलो आधीच पाठीवर. वर 90 किलोचा नवरदेव आणि पुतण्या. आणि तेही चालतं ओझं नव्हे, जागेवर थांबलेलं. चालताना स्नायू आवळतो-सुटतो, रक्त फिरतं. डीजेसमोर तासभर उभ्या घोडीचा स्नायू एकाच जागी चेपलेला राहतो.

तालुक्यात खोगीर दुरुस्त करणारा कुणी नाही. सुतारानं सांगाड्याची समोरची कमान रुंद केली आणि मागचा वाढलेला भाग कापला. भर गादीवाल्यानं काढून लोकरीची घातली. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच खोगीर हातात धरलं होतं, पण गाठ न होऊ देता भरणं त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. खाली जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची घडी. सगळे मिळून साडेतीन हजार, म्हणजे एका परण्याच्या आतले. नालबंदालाही बोलावलं. खूर तीन महिन्यांत कापले नव्हते आणि पुढच्या खुरांची टोकं लांब झाली होती. आता तो सहा ते आठ आठवड्यांनी येतो.

निष्पत्ती

मेमधले उरलेले परण्या चांदणीनं केले, नाचाशिवाय. पाठ दुसऱ्या दिवशी ताठ होणं दोन परण्यांनंतर थांबलं. भाचा आठवड्यातून पाच दिवस ताण देत राहिला आणि जूनअखेर खांद्यामागचा खोलगटपणा थोडा भरून आला. गुलाबी डाग आहेत तसेच आहेत, ते जाणार नाहीत.

उजवा मागचा पाय मात्र पूर्ण सुधारला नाही. पावसाळ्यात चाचा तिला टेम्पोनं परभणीला घेऊन गेले. एक्स-रेमध्ये मागच्या पायाच्या मोठ्या सांध्यात झीज दिसली. ती मसाजनं जात नाही. गार सकाळी पहिली वीस पावलं आखूड पडतात, मग सुटतात. त्यावर आता मोजून-मापून औषध चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पाठ दुखणाऱ्या घोडीचं खोगीर उलटं न करता तिला मसाज सुरू करणं ही सरळ माझी चूक. मी झूल उचलली आणि परत टाकली, कारण माझ्या डोक्यात ‘स्नायू’ बसला होता आणि समोर शिकायला उत्सुक पोरगा होता. पाच आठवडे वाया गेले. पोराला आणि नवरदेवाला इजा झाली असती तर हे प्रकरण लिहायला मी बसले नसते.

हातानं आलेला आराम फसवा असू शकतो, आणि या बाबतीत तो सुईच्या फार पुढे नव्हता. दोन्हींनी कारण झाकलं. फरक एवढाच की हात रोज तिथेच जात होता, म्हणून शेवटी कारणही हातालाच सापडलं. भाच्याची वही मी पहिल्या दिवसापासून चालू करायला हवी होती. कुठे कडक, कधी, आदल्या दिवशी काय काम. ती असती तर ‘परण्या, ताठ, परण्या, ताठ’ ही ओळ दुसऱ्याच आठवड्यात कागदावर दिसली असती. त्याला एकट्याला चौथ्या दिवशी घोडीपाशी सोडणंही चुकलंच.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं मन अजून बनलेलं नाही. पूर्ण विश्रांतीवर मी अडून बसले असते, तर चाचांनी मला नमस्कार करून त्या सुईवाल्याकडे परत जाणं जास्त शक्य होतं. माझे काही सहकारी म्हणतात, तरी अडायला हवं होतं. असेलही.

भाचा आता आसपासच्या तीन घोडेवाल्यांकडे जातो, दर खेपेचे दोनशे घेतो. मागच्या महिन्यात त्याला एका वीटभट्टीवर खेचरांसाठी बोलावलं होतं. त्यानं आधी पालाण (ओझ्याचं खोगीर) उलटं केलं. भट्टीवाला म्हणाला, मालिश करायला बोलावलंय का सामान तपासायला. भाचा पैसे न घेता परत आला, पण पालाणाचे फोटो मला पाठवले.

आणि चाचांचा फोन मी परवा ऐकला. समोरून नवरीचे मामा बोलत होते, तारीख, मंडप, डीजे. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. नवरदेव किती किलोचा हाय?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग मामा म्हणाले, विचारून सांगतो.